विषय : पतीचा अहवाल दुरुस्त करणेबाबत

आमच्या घरमालकांइतका टपालावर विश्वास असलेला माणूस खुद्द टपालखात्यातही सापडायचा नाही. उभा जन्म त्यांनी सायकलवरून लोकांची पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर स्वतः लिहायला घेतली. पत्र जायचं ते रजिस्टरनंच, आणि त्याची पोच आलीच पाहिजे. ही सवय घरातही. शेजारी वाटीभर कालवण दिलं तरी ते दारात उभे राहून "पोच?" म्हणायचे, आणि वाटी रिकामी होऊन हातात आल्याशिवाय हलायचे नाहीत. खोडदला त्यांनी बरीच वर्षं टपाल वाटलं. तिथं आभाळातले रेडिओ संदेश टिपणारी मोठी दुर्बीण आहे, तिच्या अवाढव्य छत्र्यांवर त्यांचा एकच राग होता. "आभाळातनं एवढं टपाल येतंय, पर एकाची तरी पोच दिली व्हय यांनी?"

मी हिंगोलीकडचा. आठवीतनं शाळा सोडली आणि वारूळवाडीला पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करायच्या दुकानात कामाला लागलो. राहायला यांची मागची खोली. सात वर्षं भाडं भरलं तरी ते मला 'पावणं'च म्हणायचे.

दोन हजार नऊच्या सुमाराला आमच्या दुकानासमोरचा गाळा रिकामा झाला. स्वतःचं दुकान टाकायचं माझ्या मनात फार दिवस होतं. गाळेवाला म्हणाला, पाडव्यापर्यंत थांबतो, पुढे नाही. बँकेत गेलो, तर साहेबांनी कॉम्प्युटरात बघून मान हलवली. माझ्या जुन्या मोटारसायकलचे शेवटचे दोन हप्ते थकलेले दिसत होते. ते मी भरले होते हो, पावत्याही पेटीत होत्या, फायनान्स कंपनीनं नोंदच केली नव्हती. पण साहेब दिसला की मला घाम फुटतो. 'बरं' म्हणून बाहेर आलो. पुण्याचा एक एजंट म्हणाला, पाच हजार द्या, रिपोर्ट धुऊन देतो. मी देणारही होतो. घरमालक ओट्यावरूनच कडाडले, "पत नासवली त्यांनी, आन धुवायचं पैसं तुमी देनार? बसा हितं. मजकूर माझा, हात तुमचा."

आठवीनंतर मी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. फायनान्स कंपनीला लिहायच्या एका अर्जाला तीन कागद गेले. ते खांद्यावरून वाकून बघायचे, "दुसरी वेलांटी, राव! घाई कशाची, मोटार जळाया लागलीय का?" इंग्रजी शब्द त्यांना अर्जात चालायचा नाही. क्रेडिट म्हणजे पत, रिपोर्ट म्हणजे अहवाल. म्हणून विषय लिहवला, 'पतीच्या अहवालातील चूक दुरुस्त करणेबाबत'.

पोच आली. पंधरा दिवसांनी उत्तरही आलं. 'आपल्या पतीच्या नावे आमच्याकडे कोणतेही कर्ज नाही. अधिक माहितीसाठी पतीचा फोटो व सही पाठवावी.'

दुकानात हसून हसून लोक तारांच्या गुंडाळ्यांवर पडले. दुकानाचे मालक म्हणाले, "लपवून ठेवलं व्हय रं? फोटो पाठवायच्या आधी आमाला तरी दाव, कसा हाय जावई!" महिनाभर मला रस्त्यानं चालायची चोरी झाली.

घरमालक मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसरं पत्र सांगायला घेतलं. 'सदर पत्रातील पती म्हणजे नवरा नव्हे. अर्जदार पुरुष असून अविवाहित आहे. त्याची पत आपण घालवली आहे, ती परत करावी.' सोबत पावत्यांच्या झेरॉक्स. मूळ पावत्या त्यांनी स्वतःच्या पेन्शनच्या पुस्तकात ठेवल्या. मग तिसरं पत्र. चौथं. पाडव्याला तीन आठवडे राहिले. मी म्हणालो, "भाऊ, एजंटला देऊन टाकू का?" ते म्हणाले, "द्या. म्हंजी त्यांचंच खरं व्हतं असं व्हईल."

पाचव्याला उत्तर आलं. चूक मान्य, नोंद दुरुस्त. बँकेच्या साहेबांनी पुन्हा कॉम्प्युटरात बघितलं आणि या वेळी मान वेगळी हलवली. पाडव्याला गाळ्याची किल्ली माझ्या हातात होती. नारळ त्यांनीच फोडला.

त्यानंतर सकाळी ते दुकानात येऊन बसायचे. पेन खिशाला लावलेलं, करायला काही नाही. एक दिवस हळूच म्हणाले, "पावणं, त्या अहवालात आनखी काय चुकलंय का बघा की." मी खोलीवर जाऊन बँकेनं दिलेला अहवालाचा सगळा कागद अक्षर अन् अक्षर वाचला. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. धंद्याला त्याचं काही अडत नव्हतं. तरी मी ते त्यांना नेऊन दाखवलं. किती खूश झाले! लगेच टोपण काढलं. त्या पत्राचा मजकूरही त्यांचा आणि अक्षरही त्यांचंच, थोडं कापरं. मला म्हणाले, "तुमी मोटारी बघा."

त्याचं उत्तर यायच्या आत ते गेले. नंतर बँकेतल्या एका पोरीनं ती चूक पाहिली आणि म्हणाली, "काका, एका मिनिटात करून देते." मी म्हणालो, "राहू द्या, ताई. त्याचा अर्ज दिलेला आहे."