आक्कांची मिश्रीची डबी

तोंडात मशीन असेपर्यंत पेशंट गप्प. मशीन काढलं की तुंबलेलं सगळं चूळ भरता भरता बाहेर येतं! बारामतीत दातांचा दवाखाना चालवला की किस्से असे ढिगानं साठतात. पण माझे निम्मे एकाच घरातले. कोऱ्हाळ्याचे तात्या आणि त्यांच्या मंडळी, आक्का.

*

कोरोना होऊन गेला आणि तात्यांना शुगर निघाली. गोळ्या घेऊनही उतरेना, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी हिरड्या दाखवायला माझ्याकडे पाठवलं. तात्या तापूनच आले.

"साखर रगतात हाय, आन् मला दातवाल्याकडं धाडलंय! उद्या गुडघा दुखला तर न्हाव्याकडं धाडतील!"

मी समजावलं. हिरड्या सुजल्या की शुगर वाढते आणि शुगर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात.

"म्हंजी बांधावरच्या दोन भावांगत. एक गप बसला तरी दुसरा त्याला बसू द्यायचा न्हाय!"

हे उदाहरण मी तेव्हापासून सगळ्या पेशंटना फुकट वापरतोय.

*

दोघंही मिश्री लावायचे. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, सकाळी उठलं की हिरड्यांना. कोरोनात तात्या आधी पॉझिटिव्ह आले. आक्कांनी त्यांना माडीवर कोंडलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. तरी आक्काही पॉझिटिव्ह!

"एवढं पाळलं, तरी मला कसा झाला वो?"

"आणि मिश्री?" मी विचारलं.

"डबी एकच हाय की! ह्यांचं झालं की जिन्यावर ठिवायचे, मग मी लावायची. पर हात धुऊन हां!"

*

यंदा आक्कांना धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी हिरड्या साफ, मगच ऑपरेशन. नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतील. मी हिरड्या साफ करायला घेतल्या आणि मिश्री बंद करायला सांगितली.

"एक झडप बदला, न्हायतर चार बदला. मिश्री सुटायची न्हाय!"

त्यावर तात्या रडले. भर दवाखान्यात, सगळ्यांसमोर. "तुला काय झालं तर मी कुणाशी भांडू गं? तू सोड, मीबी सोडतो!"

आक्कांनी कमरेची भरलेली डबी काढली आणि माझ्या टेबलावर आपटली.

"ऱ्हाऊ द्या हितंच. घरात आसली तर हात जाईल."

*

मग दर बाजारच्या दिवशी तात्या हजर. "डबी हाय न्हवं जाग्यावर? बघू."

मी ड्रॉवरमधून काढून द्यायचो. ते ती घेऊन खिडकीकडे तोंड करून जरा वेळ उभे राहायचे. बायकोची काळजी, दुसरं काय! मी आपला मुद्दाम मान वळवायचो.

शुगर मात्र उतरत नव्हती.

*

ऑपरेशन झकास झालं. परवा आक्का हिरड्या दाखवायला आल्या. गुलाबी! तात्या शेजारीच बसलेले.

"डॉक्टर, आता डबी द्या. लावायची न्हाय. माझ्या हातानं उकिरड्यावर टाकायचीय."

मी दिली. आक्कांनी झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. बोट कोरडं. आतला पत्रा चकचकत होता.

तात्या ओठ गच्च मिटून पंख्याकडे बघत होते.

आक्का माझ्या खुर्चीवरून उतरल्या आणि तीच खुर्ची त्यांनी तात्यांना दाखवली.

"बसा. आन् आ करा!"