मेलेल्या मालकावरून मेंढरं

परवा एका लग्नात गुलाबाच्या सरबताचा वास आला आणि मी थेट राणीसावरगावच्या माळावर जाऊन पोचले.

मी तेव्हा मेंढपाळाच्या घरची नवी सून. काही हौशी मंडळी तिथं घोडे, टोप्या आणि बंदुकांचा सुडाचा सिनेमा काढत होती. पैसा बेताचा, म्हणून रक्त सरबताचं आणि खलनायक गावचाच बागायतदार. त्याच वर्षी कपाशीत तोंड घातलं म्हणून त्यानं आमचा मेंढा कुऱ्हाडीनं तोडला होता. तेव्हा सासूबाईंनी चकार शब्द काढला नव्हता.

सिनेमातली गोळी लागून तो बागायतदार उताणा पडला. सासूबाईंनी त्या प्रसंगात मागून नुसती मेंढरं न्यायची होती. त्यांनी सगळा कळप त्याच्या अंगावरून घातला.

"हलू नका मालक, शूटिंग चालू हाय!" कॅमेरावाला ओरडला. सगळा गाव बघत होता. खुरांखाली तो डोळे मिटून पडून राहिला.

मी घाबरून सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मालक आता सोडायचा न्हाई आपल्याला."

"मेलेलं माणूस काय करणार हाय गं?" म्हणत त्यांनी मागं राहिलेलं कोकरू उचललं आणि त्याच्या छातीवर उभं केलं.

तेव्हा मला रडू फुटलं होतं. परवा मी सरबत दोनदा मागून प्याले.