बिनमटणाची चवळी

आमच्या घरी दर रविवारी चवळी-मटण असतं. मटण पावशेर आणि चवळी दोन वाट्या, हे माप सासूबाईंचं, घरात खाणारी आठ तोंडं होती तेव्हाचं. आता त्या, मी आणि माझा नवरा असे तिघंच आहोत, आम्हा दोघांना मास्तरकीचा पगार आहे, तरी माप तेच. मटणाचे तुकडे त्या आम्हाला वाढतात आणि स्वतः चवळी घेतात. मटणाच्या पाण्यात शिजलेली चवळी मटणापेक्षा चांगली लागते, असं त्यांचं म्हणणं. हे त्या खरं बोलतात की आमच्यासाठी बोलतात, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा पावसाळ्यातला वर्षावास लागला तेव्हा त्यांनी बुद्धविहारात सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं, आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वशाट खाणार नाही. त्यांच्यासोबत घरातलं मटणही बंद झालं. पहिले दोन रविवार वरणावर निभावले. त्यांनी तक्रार केली नाही, पण भाकरी अर्धी उरायला लागली. मला ते बघवेना. तिसऱ्या रविवारी मी चवळीत सोयाबीनच्या वड्या टाकल्या. सासूबाईंनी एक वडी बोटात धरून पिळली.

"ह्यानं फरशी पुसायची का?" एवढंच विचारलं आणि ताट सरकवलं.

माझा स्वभाव हट्टी आहे. पुढच्या रविवारी मी चवळी रात्रीच भिजत घातली. कांदा आणि खोबरं थेट गॅसवर काळं होईपर्यंत भाजलं. भाजल्या धान्याचं मसाल्याचं पीठ, येसर, ते रश्शाला लावलं. चावायला काहीतरी हवं होतं म्हणून माळ्यावरच्या डब्यातल्या वाळलेल्या वांग्याच्या फोडी कोमट पाण्यात फुगवल्या आणि तेलात चांगल्या परतल्या. रश्शाला उकळी आली तसा शेजारणीनं भिंतीवरून आवाज दिला, वर्षावास संपला का म्हणून. मी मनात खूश झाले. सासूबाई मात्र दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या हाताकडे बघत होत्या, भांड्याकडे नाही.

जेवायला बसलो. त्यांनी पहिला घास घेतला, चावला आणि थांबल्या. दुसरी फोड ताटाच्या काठावर घेतली आणि बोटानं उलटीपालटी केली.

"हे काय हाय?"

"वांगं आहे, आत्याबाई. वाळलेलं."

"वांगं." मग म्हणाल्या, "सकाळी कुठं गेल्तीस?"

"गिरणीवर. दळण आणायला."

"गिरणीच्या पल्याड खाटकाचं दुकान हाय."

त्या उठल्या. उष्टा उजवा हात तसाच ठेवून डाव्या हातानं फ्रीज उघडला, खालचा कप्पा ओढून पाहिला. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. पळी नाकाशी धरली. माझा नवरा ताटातून मान वर काढेना. माझं अंग नुसतं पेटलं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली आणि या बाईला वाटतं, विहारात दिलेला शब्द मी तिच्याच ताटात मोडीन. त्यातून पौर्णिमेला विहारात हिनं तोंड उघडलं, तर गावात मला कुणाकडं बघायला जागा राहणार नव्हती.

"आत्याबाई, मी तुम्हाला फसवीन असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हणाले. "खोटं बोलणं मला बिलकुल खपत नाही. वर्गात पोरांनाही मी ते खपवून घेत नाही."

"चौथं शील म्हण मंग."

पंचशिलातलं चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही, हे. मी हात जोडले आणि शाळेत प्रार्थनेला लावते त्या आवाजात सगळं म्हटलं, एकही शब्द न गाळता. शेजारणीलाही ऐकू जावं अशी इच्छा होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पुसलं नाही. तिला दिसू दे म्हटलं.

सासूबाई खाली बसल्या. भाकरी कुस्करली, वर दोन पळ्या रस्सा ओतून घेतला आणि जेवायला लागल्या.

"वांगंच हाय," म्हणाल्या. "पहिल्या घासाला कळलं मला. थंडीत गच्चीवर म्याच वाळू घातल्तं. माझं वांगं मला वळखू येईना व्हय?"

"मग हे सगळं कशाला केलंत?"

"तू खरं बोलतीस का, ते पाहून राह्यलते." त्यांनी फोड तोंडात टाकली. "आता शील म्हणलंच हायेस, तर मिठाचं बी सांग."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब वाढला तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येक भाजीत अर्धंच मीठ टाकत होते. त्यांना ते सांगितलं असतं तर त्या जेवल्या नसत्या. आळणी लागतंय म्हणाल्या की मी दर वेळी सांगायचे, बराबर टाकलंय, आत्याबाई, तुमच्या तोंडालाच चव नाही. आणि त्या गपगुमान जेवायच्या. माझे हात अजून जोडलेलेच होते. ते मी खाली घेतले. नवऱ्याकडं बघितलं, तो पाणी प्यायला लागला.

"डॉक्टर म्हणाले होते," मी सुरुवात केली.

"डॉक्टरचं न्हाई इच्यारलं म्या," त्या म्हणाल्या. "तुझं इच्यारलं."