आर्वेला प्रुइट खटला जिंकली

आर्वेला प्रुइटच्या घराला बाजूने एक खोली काढलेली होती. दोन खुर्च्या, न्हायचं भांडं, भिंतभर आरसा आणि डोक्यावर उतरवायचा गरम हवेचा टोप, एवढंच तिचं दुकान. पण टेनेसीच्या डोंगरातल्या कोल्टर्स क्रीक गावात शुक्रवारी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. रविवारी चर्चमध्ये केस नीट बसलेले दिसले पाहिजेत, म्हणून शुक्रवारी आर्वेला. गावातल्या बायकांचा हा रिवाज तिच्या लग्नाआधीपासूनचा.

त्यांच्यात सगळ्यात जुनी इमोजीन स्ट्राउड. केस विरळ झालेले, पण नखरा कायम. "आर्वेला, मागून टक्कल दिसलं तर बघ हं! माझ्यामागे बसणारी ती लुब्रा कार्न प्रार्थना सोडून तेच बघत बसते." आर्वेला तिचे केस असे काही फुगवायची की लुब्रा कार्नला प्रार्थनेशिवाय पर्याय राहायचा नाही.

इमोजीनचा मुलगा रॉईस चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, लाकडाच्या गिरणीचा मालक आणि शाळा मंडळाचा अध्यक्ष. आर्वेलाचा नवरा डेल्मर त्याच्याच गिरणीत करवतीवर होता. आर्वेला स्वतः रविवारच्या शाळेत लहान पोरांना बायबलच्या गोष्टी सांगायची. म्हणजे भांडण लागावं असं या माणसांत काहीच नव्हतं.

मग एका शरदात शाळा मंडळाने ठराव केला. नववीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा आहे ना, तर त्याच्या बरोबरीने देवाने सहा दिवसांत सृष्टी केली हेही विज्ञान म्हणूनच शिकवायचं. परीक्षेत दोन्ही येणार. जीवशास्त्र शिकवायला होता फुटबॉलचा कोच. त्याने काम सोपं करून टाकलं. वर्गात विचारलं, "आपला आजोबा माकड होता असं कोणाकोणाला वाटतं? हात वर करा."

आर्वेलाची मुलगी ट्वायला धडा वाचून आली होती. आजोबा माकड होता असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. तिने हात वर केला. सगळा वर्ग खो खो हसला, कोचसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या तिच्या कपाटात केळी निघायला लागली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला आर्वेला गेली. शाळेच्या जेवणघरात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तिची पाळी आली तशी ती उभी राहिली.

"रॉईस, बायबल शिकवायला मी आहे, पास्टर आहेत. शाळेत पुस्तकातलं शिकवा. देवाला कोचच्या हातचे मार्क कशाला हवेत?"

मागून कोणीतरी हसलं. रॉईस हसला नाही.

"आर्वेला, तुझं काम काय गं?"

"ठाऊक आहे तुला. तुझ्या आईचे केस कोण करतं?"

"मग केस कर," रॉईस म्हणाला. "पोरांच्या आत्म्याचं आम्ही बघतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांत निम्म्या तिच्या शुक्रवारच्या होत्या. त्यांचे केस तिनेच बसवलेले होते. त्या टाळ्या झाल्या नसत्या तर ती कदाचित घरी येऊन गप्प बसली असती. पण दोन दिवसांनी तिने नॅशव्हिलला एका वकिलाला फोन केला. अशा कामांसाठी फुकट लढणारी एक संस्था होती, तिचा तो वकील.

ट्वायलाला कळलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मी सांगितलं होतं का तुला? केळी खाऊन टाकत होते मी. वर्षभरात विसरले असते सगळे!"

"मी नसते विसरले," आर्वेला म्हणाली.

"मग तुझ्या नावावर लढ. माझं नाव कशाला?"

पण वर्गात बसणारी ट्वायला होती. तिच्या नावाशिवाय खटला उभाच राहत नव्हता.

बायका एकदम तुटल्या नाहीत. आधी लुब्रा कार्नचं अंग दुखायला लागलं, मग कोणाची बहीण गावाहून आली, कोणाची गाडी बिघडली. शेवटी नाताळच्या आधीच्या शुक्रवारी, जेव्हा एरवी खुर्च्या उसन्या आणाव्या लागत, आर्वेला एकटीच आरशासमोर झाडू घेऊन उभी होती. पडलेला केस एकही नव्हता. वाण्याच्या दुकानात भेटलं की जो तो तिचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं." त्या गावात तोंडावर थुंकण्याची हीच पद्धत होती. पास्टरांनीही तेच म्हटलं आणि रविवारची लहान पोरं तिच्याकडून काढून दुसरीला दिली. "थोडे दिवस विश्रांती घे," म्हणाले.

डेल्मरला रात्रपाळी लागली. त्याने कधी आवाज चढवला नाही. एकदाच, बूट काढता काढता म्हणाला, "तू बरोबर असशील गं. पण बरोबर तू आणि रात्रपाळी मला."

इमोजीन मात्र येत राहिली. "माकड असो नाहीतर माती, माझे केस दुसऱ्या कोणाला जमत नाहीत," म्हणायची. मग रॉईसने तिच्या गाडीची किल्ली काढून घेतली. डोळे गेलेत, डॉक्टर नको म्हणतात, असं गावात सांगितलं. आर्वेलाने फोन केला तर पलीकडून म्हातारी हळूच म्हणाली, "आता नको गं फोन करू. घरात कटकट होते."

निकाल दीड वर्षाने लागला. सरकारी शाळेत विज्ञानाच्या तासाला धर्म शिकवता येणार नाही, असं न्यायाधीशांनी स्वच्छ सांगितलं. वकिलाने कोर्टाच्या पायरीवर आर्वेलाला मिठी मारली, वार्ताहरांनी फोटो काढले. वकील त्याच संध्याकाळी नॅशव्हिलला गेला. आर्वेला कोल्टर्स क्रीकला परतली. तिला तिथेच राहायचं होतं.

त्या उन्हाळ्यात ट्वायला नॉक्सव्हिलला मावशीकडे गेली ती शाळा तिथेच संपवायला. निघताना डेल्मरला घट्ट बिलगली. आईला म्हणाली, "पोचल्यावर कळवते." कळवलं मावशीने.

पानगळीत पेट्रोल पंपावर आर्वेलाला कोच भेटला. त्याचा राग केव्हाच निवला होता. टोपी मागे सारून म्हणाला, "जिंकलात बरं का आर्वेलाबाई. आता काही भानगडच नाही."

"मग शिकवता ना तो धडा?"

"छे छे! हेही नाही आणि तेही नाही. पेशी झाल्या की थेट बेडूक कापायला घेतो. बेडूक आला कुठून, कोणी विचारतच नाही." तो मनापासून हसला. "मंडळाने सांगितलंय, जिथे भांडण तिथे पान उलटायचं."

आर्वेला पेट्रोल न भरताच घरी आली. यासाठी? दुकान गेलं, चर्च गेलं, पोरगी गेली. आणि तो धडा, जो आधी निदान अर्धा तरी शिकवत होते, तो आता कोणाच्याच वाट्याला येत नव्हता. पुन्हा कोर्टात जावं तर वकील म्हणाला, "काय शिकवू नका ते न्यायाधीश सांगू शकतात. शिकवाच, असं नाही सांगता येत."

पुढच्या फेब्रुवारीत इमोजीन गेली. अंत्यविधीची तयारी करणाऱ्या टॅकेट म्हाताऱ्याचा आर्वेलाला फोन आला. "म्हातारीने बजावून ठेवलंय, केस तुझ्याच हातचे हवेत. येशील?"

टॅकेटच्या मागच्या दाराशी रॉईस उभा होता. खटल्यानंतर पहिल्यांदाच ती दोघं समोरासमोर आली. "चारपर्यंत आवरशील ना?" तो म्हणाला. "चारला लोक अंत्यदर्शनाला यायला लागतील."

आतल्या गार खोलीत इमोजीन निजली होती. तिचे केस कोणीतरी वेडेवाकडे कापले होते, बहुतेक सुनेने. आर्वेलाने ते धुतले, वाळवले, एकेक बट गुंडाळून गरम केली. "काय दशा करून घेतली आहेस," ती पुटपुटत होती. "फोन करायचा होतास एकदा." मागची बाजू आता उशीवर होती, कोणाला दिसणार नव्हती. तीही तिने फुगवली.

रॉईस आत आला. आईच्या उशीशी येऊन वाकला. "आता आईसारखी दिसतेय," तो म्हणाला. आर्वेलाला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तिनेही मनात काहीतरी जुळवलं, याला काय उत्तर द्यायचं ते.

रॉईसने नाक पुसलं. "गाडी मागेच लावली आहेस ना? तशीच मागून जा. बायका आल्यात बाहेर. उगाच..."

ती मागून गेली.

पण बाहेर बसलेल्या बायकांनी इमोजीनचे केस बघितले, आणि कोणाचे हात लागलेत ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पुढे जिच्या घरात मयत होई ती टॅकेटला सांगू लागली, "तेवढी आर्वेला बघा ना येते का." लुब्रा कार्नसुद्धा अशीच आली तिच्या हाताखाली, इतक्या वर्षांनी, डोळे मिटून. जिवंत मात्र एकही बाई आर्वेलाच्या दुकानात पुन्हा आली नाही.

"तू जातेस कशाला?" डेल्मरने एकदा विचारलं. "त्यांना गरज तर त्यांनी दारात यावं."

आर्वेला कंगवे पुसून पिशवीत भरत होती. "केस वाईट दिसतात रे त्यांचे," ती म्हणाली. तिला स्वतःलाच त्या उत्तराचा राग आला. तिने पिशवीची चेन जोरात ओढली आणि गाडीकडे गेली.