आईच्या गोळीची माहिती मी एसटीत मोठ्यानं वाचली

मित्रमैत्रिणींनो, आज माझ्या शिक्षणानं घोटाळा केला.

आईची कंबर तीन वर्षं दुखतेय, झोप लागत नाही. सकाळी दौंडच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. न्हावऱ्याला परतताना एसटीत मोबाईलवर शोधून मोठ्यानं सांगितलं, "ही नैराश्यावरही देतात."

पुढच्या सीटवरच्या, गावातल्याच मामी वळून बघू लागल्या.

"मला काय येड लागलंय व्हय?" आई म्हणाली.

"अगं, दुखण्यावरपण हीच चालते."

"आन् ही गावभर सांगंल त्याचं काय?"

घरी येताच गोळ्या माझ्या हातात देऊन ती कांदा खुरपायला गेली. वाकताना तिनं ओठ दाबले.

तुमच्यापैकी कुणी अशी गोळी घेत असेल, तर माझ्या आईशी फोनवर बोलाल का? माझं ती आता ऐकत नाही.