साहेबरावांचा बिनकारणी फ्लेक्स

मुकुंदवाडीत साहेबरावांना सगळे ओळखतात ते फ्लेक्समुळे. पोरगा दहावी पास झाला, फ्लेक्स. दारात जुनी मोटारसायकल आली, फ्लेक्स. गावाकडच्या म्हशीला जुळी रेडकं झाली, तेव्हा तर दोन्ही रेडकांचे फोटो गोलात टाकून चौकात भला मोठा फ्लेक्स. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दिवसभर फोर्कलिफ्ट चालवणारा हा माणूस. त्याला आनंद झाला की तो उंच उचलून सगळ्यांना दिसेल असा ठेवल्याशिवाय चैन पडत नसे.

अशा माणसाच्या गळ्यात देवानं एक गुपित बांधलं.

झालं होतं असं. साहेबरावांचा पोरगा सत्यम सोळा वर्षांचा असताना पुतण्याच्या लग्नात नवरदेव घोडीवर बसायला आरशासमोरून हलेना. मित्रांनी पैज लावली आणि सत्यम घोडीवर चढला. फोटो निघाले, बँडवाल्यानं ढोल बडवला, आणि घोडी जी उधळली ती सत्यमला घेऊन जालना रस्त्यानं थेट शेंद्र्याच्या दिशेनं. मागे साहेबराव, त्यांच्या मागे नवरदेव. घोडी सापडली ती कुणाच्या तरी कपाशीत, निवांत चरताना. तिच्या अंगावरचा साज मात्र सापडला नाही. घोडीचा मालक मोतीराम भडकून ठाण्यात गेला आणि सत्यमच्या नावावर चोरीची नोंद झाली. बाल न्याय मंडळानं सत्यमला समज देऊन सोडलं, मोतीरामचा रागही आठवड्यात उतरला. पण ती नोंद पुसायची राहिली, आणि ठाण्याच्या संगणकात गपगुमान बसून राहिली.

आता सत्यम आयटीआय करून शेंद्र्याच्या एका कंपनीत निवडला गेला, आणि पोलीस पडताळणीत ती घोडी पुन्हा उधळली.

विधी सेवेतल्या वकील प्रेरणा मॅडमनी अर्ज केला, खेटे घातले, आणि शेवटी मंडळाचा आदेश आला, की नोंद नष्ट करावी. मंडळाच्या आवारात साहेबरावांनी आनंदानं वॉचमनलाच मिठी मारली.

"काका, थांबा," मॅडम म्हणाल्या. "याची कुठं वाच्यता करायची नाही. पडताळणीचा दाखला अजून हातात यायचाय. आणि कायद्याच्या दृष्टीनं ही गोष्ट आता झालीच नाही."

"झालीच नाय? अन् मी घोडीमागं पळलो ते?"

"तेही नाही."

"माझी एक चप्पल गेली त्यात!"

"चप्पलही नाही गेली, काका."

घरी येईपर्यंत साहेबरावांचं पोट फुगलं. जेवण जाईना. शेजारणीनं "आज लई खुशीत?" असं विचारलं, तर बायको चतुराबाईंनी त्यांना हाताला धरून आत ओढलं. "अहो, पोराची नोकरी हाय. तोंड मिटून बसा."

साहेबरावांनी तोंड मिटलं. पाय मात्र मिटता येत नव्हते. ते राजकुमारच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन पोचले.

"काय लिहू, दादा? निवड, की वाढदिवस?"

"काय बी नको. फक्त हार्दिक अभिनंदन. अन् खाली सत्यमचं नाव."

"कशाबद्दल?"

"ते लिहायचं नाय."

राजकुमारनं माऊस सोडला. "कारण नसलेलं अभिनंदन म्या आजवर छापलं नाय."

"मग आज छाप. हा घे मोबाईल, त्यातला झकास फोटो टाक," म्हणत साहेबराव चहाला गेले.

राजकुमारनं खरोखरच सगळ्यात झकास फोटो निवडला.

सकाळी चतुराबाई दूध आणायला निघाल्या आणि चौकात खिळल्या. दिव्याच्या खांबांना बांधलेला, चार माणसांएवढा सत्यम: डोळ्यांवर गॉगल, हातात लगाम, आणि बुडाखाली तीच घोडी.

"पप्पा!" सत्यम धावत आला. "डिलीट मारलेली फाईल तुम्ही चौकात प्रिंट केली!"

साहेबराव शिडी घेऊन धावले. खाली गर्दी जमली. "लग्न ठरलं जणू." "नाय रे, पोरगं शूटिंगला चाललंय." गाठी सुटेनात, राजकुमारनं नेमक्या आजच पक्क्या बांधल्या होत्या. तेवढ्यात मोटारसायकलवरून उतरला तो मोतीराम. त्यानं फ्लेक्सकडं पाहिलं. पाहतच राहिला. चतुराबाईंनी डोळे मिटले. या माणसानं तोंड उघडलं, की चौकापासून कंपनीपर्यंत बोंब.

मोतीराम शिडीच्या दोन पायऱ्या चढला. "साहेबराव, ही माझी राणी ना?"

"व्हय," साहेबराव वरून पुटपुटले.

"लई भारी दिसती. मग खाली माझा नंबर कामून नाय टाकला? लगीनसराई तोंडावर हाय!"

साहेबरावांच्या हातातला दोर सुटला. ते वाकून त्याच्या कानात म्हणाले, "अन् ते मागचं?"

"मागचं काय?" मोतीरामनं डोळा मारला. "राणीच्या पाठीवर बसून लोक फोटो काढत्यात. बाकी मला काय आठवत नाय बुवा."

"कायदा बी तेच म्हणतो!" साहेबराव ओरडले आणि शिडीसकट हलले. सत्यमनं शिडी धरली, मोतीरामनं सत्यमला धरलं, आणि सगळी गर्दी उगाचच टाळ्या वाजवायला लागली.

दुपारपर्यंत फ्लेक्सखाली मोतीरामच्या नंबराची पट्टी चिकटली. लोकांना कारण मिळालं: घोडीची जाहिरात. मोतीरामला दोन वराती मिळाल्या. काही दिवसांनी सत्यमच्या हातात दाखला पडला, गुन्ह्याचा रकाना अगदी कोरा.

साहेबरावांनी लगेच प्रेरणा मॅडमना फोन लावला. "मॅडम, नोकरी लागली, हे तर झालंय ना? कायद्यानं?"

"हो काका, ते नक्की झालंय," मॅडम हसत म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी नवा फ्लेक्स लागला. फोटो मात्र सत्यमनं स्वतः निवडला, आणि छपाई होईपर्यंत राजकुमारच्या दुकानातून हलला नाही.