बंदूक काढलेला पुतळा

“ती बंदूक काढ गो आधी,” काकी म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. त्या बंदुकीवर मी अख्खा आठवडा घालवला होता. जोहे गावात आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. सोंड, मोदक, उंदीर मी डोळे मिटून करीन. पण रायफलचा खटका कुठे असतो, हे मला काय ठाऊक? मोबाइलवर फोटो बघून बघून कशीबशी जमवली होती. आणि आता म्हणे काढ!

काकी म्हणजे नितेशच्या आई. रोह्याजवळच्या अष्टमी गावाच्या पुढच्या एका गावातल्या. नितेश सैन्यात होता. सीमेवर लढाई पेटली तेव्हा तो वर डोंगरात होता. तिथून परत आलाच नाही. चोविशीतलं पोर. गावाने शाळेसमोर त्याचा अर्धपुतळा, म्हणजे कमरेपर्यंतचा पुतळा, बसवायचं ठरवलं आणि सरपंच ऑर्डर घेऊन माझ्याकडे आले.

“मॅडम, रुबाबदार पाहिजे. छातीशी बंदूक, आणि बघणारा दचकला पाहिजे.”

असा पुतळा आधी मातीत घडवतात. मग त्यावरून साचा काढतात आणि साच्यातून फायबरचा पुतळा निघतो. एकदा साचा निघाला की खेळ खलास. नाक वाकडं असलं तर जन्मभर वाकडंच. म्हणून साच्याआधी घरच्यांना बोलावून चेहरा दाखवायची आमची पद्धत आहे. त्या दिवशी काकी आणि सरपंच त्यासाठीच आले होते. काकींबरोबर काठी टेकत एक तरुण आला होता. पवार, नितेशच्या युनिटमधला. देशावरून मुद्दाम काकींना भेटायला आला होता.

“बंदूक का नको, काकी?” सरपंचांनी विचारलं. “सैनिक होता तो.”

“त्यानं ती चालवली नाय. तो गाडी चालवायचा.”

सरपंचांनी मला शाडूच्या पोत्यांपाशी नेलं. “मॅडम, तुम्हाला म्हणून सांगतो. पोरगा न्यूमोनियानं गेला. गोळी लागली नाय त्याला. लोक बोलतात हो. आजारानं गेला त्याचा पुतळा कसला, म्हणतात. म्हणून ती बंदूक पाहिजे. आणि खाली ‘वीरगती’ एवढंच कोरा. आजारबिजार काय नको.”

सरपंच मनाने चांगले, पण त्यांना कुजबुजता येत नाही. काकींनी सगळं ऐकलं.

“सांग रे यांना,” त्या पवारला म्हणाल्या. “मला सांगितलंस तसं सांग.”

पवार स्टुलावर टेकला. नितेश ट्रक चालवायचा. वर दारूगोळा न्यायचा, येताना जखमींना खाली आणायचा. रस्ता एका गाडीपुरता, दिवे लावायची बंदी, आणि वरून गोळे पडतायत.

“माझ्या मांडीत छर्रे घुसलेले. मला त्यानं केबिनमधी शेजारी बसवलं. मागं आणखी तिघं आडवे. त्याचं अंग नुसतं भाजत होतं हो. खोकला तर थांबंनाच. मी म्हणलं, गड्या, आता तूच आमच्यासंगं ॲडमिट हो. तर म्हणतो, दुसरा ड्रायव्हर येऊ दे, मग होतो. आमाला उतरवलं आन् पुन्हा वर गेला. आणखी माणसं घेऊन आला. ती उतरवली आन् मग स्टिअरिंगवर मान टाकली. डॉक्टर म्हणाले, याची दोन्ही फुप्फुसं भरलीत, यानं गाडी आणली कशी?”

सरपंच टोपी काढून हातात घेऊन उभे होते.

“ताप अंगावर काढला म्हणून मी त्याला रोज शिव्या घालते,” काकी म्हणाल्या. “पण त्यात लपवायचं काय हाय? माझ्या पोरानं केलं ते कमी पडलं व्हय तुम्हाला, की वरून बंदूक लावताय?”

“काकी, मान वाढावा म्हणून...”

“तो व्हता तसा उभा करा. तेवढा मान पुष्कळ झाला.”

मी पक्कड घेतली, मातीच्या आतली तार कापली आणि बंदूक काढली. वाईट वाटलं, पण ते निमूटपणे गिळलं. बंदूक गेल्यावर हात रिकामे राहिले. त्यांत स्टिअरिंग दिलं असतं तर जत्रेतला फोटो वाटला असता. मग हातही काढले आणि पुतळा छातीपर्यंतच ठेवला. तरी काकींचं समाधान होईना.

“हा माझ्याकडं बघतोय गो.”

“मग? चांगलंच आहे की.”

“छ्या! सैन्यात जायच्या आधी तो रोहा स्टेशनवरून मिनीडोर रिक्षा चालवायचा. मी शेजारी बसून एवढी बडबडायची, पण पोरानं मान वळवली तर शप्पथ! गाडीवर बसला की त्याला रस्ता दिसायचा, आई नाय.”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. गणपतीचे डोळे आम्ही समोरच्या भक्ताकडे बघणारे करतो. जड पापण्या, शांत नजर, आशीर्वाद दिल्यासारखी. आयुष्यभर तेच केलं, हाताला तेच वळण. ड्रायव्हरला मी बाप्पाचे डोळे लावून मोकळी झाले होते!

पवारला म्हटलं, “अंधारात, बिनदिव्याची गाडी उतरवताना तो कसा बघत होता, दाखव.” पवार पुढे झुकला. मान किंचित ताणली, डोळे बारीक केले आणि समोर खाली कुठेतरी रोखले. मी पापण्या खरवडल्या, बुबुळं खाली उतरवली, मान पुढे घेतली. तासाभरात त्या चेहऱ्यावरची बाप्पाची नजर पुसली गेली. पुतळा आता आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हता.

“आला,” काकी म्हणाल्या, आणि तिथेच मातीत बसून मोठ्याने रडल्या. मीही रडले. इतकं गुणी पोर मला एकदाही भेटलं नव्हतं, याचंच वाईट वाटत होतं.

खाली काय कोरायचं ते सरपंचांवर सोडलं. ते मजकूर लिहून देऊन निघून गेले.

अनावरणाला सगळा गाव लोटला होता. पडदा सरकला, तशी मागून कुजबुज झाली, “अरे, बंदूक कुठाय?” सरपंचांनी माइक घेतला आणि पाटी वाचली. “नितेश. सैन्यातील वाहनचालक. लढाईत जखमींना खाली आणता आणता न्यूमोनियाने मृत्यू.” मला वाटलं, ‘न्यूमोनिया’ या शब्दाशी अडखळतील. त्यांनी तो खणखणीत म्हटला. मग पाटी पहिल्यापासून पुन्हा वाचली, मागच्यांना ऐकू यावी म्हणून. काकी पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

आता पुतळ्याची ऑर्डर आली की माणूस कसा गेला हे मी विचारत नाही. तो काय काम करायचा, तेवढं विचारते.